तिसरें बोट

आम्ही मिशनच्या शाळेंत शिकत असतां आमच्या गुरुजींनीं इंग्रजी नामांचे पांच प्रकार हाताच्या पांच बोटांवर मोजून दाखविले होते : विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक. नेसफील्डसाहेबांच्या व्याकरणांतील ही विभागणी आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांना तशीच मोजून देत आलों. 'आर्मी', 'फ्लीट', 'ज्यूरी' हीं तिसऱ्या बोटावरचीं नामें. समूह एक, म्हणून क्रियापद एकवचनी. येथवर आमचा तास सुरळीत चाले.

गेल्या सहामाही परीक्षेंत एका मुलानें 'द टीम वेअर क्वॉरलिंग' असें लिहिलें. आम्हीं 'वेअर'वर तांबडी रेघ ओढून एक गुण कापिला. त्या एका गुणानें मुलाचा पहिला नंबर गेला. तो कांहीं बोलला नाहीं. पुढें एके रात्रीं आम्हांसच शंका आली, म्हणून नेसफील्ड पुन्हां उघडला. तेथें स्पष्ट म्हटलें आहे कीं, समूह अखंड मानिला तर एकवचन. परंतु त्यांतील व्यक्ती निरनिराळ्या लक्षांत घेतल्या, तर तेंच नाम अनेकवचनी क्रियापद घेतें. तेव्हां त्याचें नांवही बदलतें : 'नाउन ऑफ मल्टिट्यूड'. आपसांत भांडणारा संघ एक राहिलाच कोठें? मुलाचें बरोबर होतें.

आमच्या चुकीचें मूळ आम्हांला मायबोलींत सांपडलें. उपासना आटोपली, कीं 'मंडळी आपापल्या घरीं गेली' असें आपण म्हणतों. घरें पन्नास, वाटा पन्नास, तरी क्रियापद एकवचनीच! मराठी क्रियापद शब्दाचें रूप पाहतें. ब्रिटिश इंग्रजी पुष्कळदां त्यामागचीं माणसें पाहते. (अमेरिकन लोक या बाबतींत बहुधा आपल्या बाजूचे.) मराठी व्याकरणांत कळप, थवा, जुडी हीं सामान्यनामांतच बसतात, निराळें बोट लागत नाहीं. १९८५ सालीं क्वर्क व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं लिहिलेल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणांतही सामान्यनाम मोजतां येतें कीं नाहीं, या प्रश्नालाच अधिक मान आहे. आणि 'कॅटल' तर सदा अनेकवचनी. तें कोणत्या बोटावर ठेवावें, हें आम्ही अजून ठरवीत आहों.

असो. दुसऱ्या दिवशीं आम्हीं सर्वांसमक्ष गुण परत दिला. पहिला नंबर आतां दोघांचा झाला. तोंच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग 'द क्लास इज' कीं 'द क्लास आर'?" निम्मीं मुलें 'इज' म्हणूं लागलीं, निम्मीं 'आर'.

"असेच भांडत राहणार असाल," आम्ही म्हणालों, "तर 'आर'."