डिझेलचा कॉक

आमच्या जुन्या ट्रॅक्टरची डिझेलची टाकी बॉनेटच्या आत, इंजिनाच्या डोक्यावर आहे. टाकीच्या बुडाला एक पितळी कॉक. ट्रॅक्टर उभा केला, स्टॉपर ओढला, इंजिन गप झालं की खाली उतरून हा कॉक आवळायचा, हे आमच्या घरात पस्तीस वर्षं चाललंय. हल्लीच्या पोरांना ते देवाला हात जोडल्यासारखं वाटतं. त्यांच्या नव्या ट्रॅक्टरची चावी फिरवली की इंजिन बंद. मग आणखी काय बंद करायचं?

पण स्टॉपर ओढल्यावर बंद होतं ते मोठ्या पंपातून नोझलकडे जाणारं डिझेल. टाकीतलं कुठं बंद होतं? ते रात्रभर फिल्टरवर आणि फीड पंपावर भार देऊन उभंच असतं. पाटाच्या पाण्याची जी खोड तीच डिझेलची, उतार दिसला की वाट काढतं. पाइपाचा वॉशर गेला असेल तर खाली मातीत ठिपकतं. ते परवडलं, डोळ्याला तरी दिसतं. फीड पंपात रबरी डायफ्राम असतो, तो जुना होऊन चिरला की डिझेल आतल्या आत इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइलात मिसळतं. बाहेर थेंब नाही, आवाज नाही. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, बेअरिंगं कोरडी घासतात, आणि माणूस म्हणतो, काल तर चांगला चालत होता!

आमचा ट्रॅक्टर सेकंडहँड. 1989 साली वडिलांनी घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. त्यासाठी बैलजोडी विकली होती आणि आईची पोत मोडली होती. म्हणजे ट्रॅक्टर फसला असता तर पुन्हा औताला परत जायची सोय नव्हती. म्हणून आप्पांनी इसार द्यायच्या आधी कॅम्पातल्या मिस्त्रीला सोबत नेलं.

देवळाली कॅम्पात फौजेतून पेन्शनीत आलेली माणसं पुष्कळ. फाळणीच्या आधीच तोफखान्याचं स्कूल काकूलहून इकडे आलं, तेव्हापासून देशभरातले जवान इथं येतात, आणि त्यांतला एखादा पेन्शन झाल्यावर गावी जायचं सोडून इथंच घर बांधतो. हा मिस्त्री तसलाच, पलटणीच्या वर्कशॉपात गाड्या खोलून शिकलेला. मालकाने ट्रॅक्टर चालू करून दाखवला, धूर नाही, ठोका नाही. मिस्त्री म्हणाला, "बंद करा." इंजिनाजवळ पाच-दहा मिनिटं बिडी ओढत बसला. मग ऑइलची पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. त्याने ते बोटांत चोळलं, नाकाला लावलं आणि आप्पांपुढे धरलं.

"आप्पा, ऑइल कमी झालं तर शेतकरी घाबरतो. वाढलं तर खूश होतो. वाढलेलं जास्त वाईट. ह्याच्यात डिझेल आहे."

मालक म्हणाला, नुकतंच ऑइल बदललंय, थोडं जास्त पडलं असेल. आप्पांनीही वास घेतला. सौदा मोडला नाही, पण भाव उतरला. उतरलेल्या पैशांत नवा डायफ्राम, नवं ऑइल आणि मिस्त्रीची मजुरी निघाली. त्या दिवशी मिस्त्रीने कॉकवर बोट ठेवून सांगितलं, "रात्री हा बंद पाहिजे. डायफ्राम पुन्हा कधी फाटेल ते तुम्हाला सांगून फाटणार नाही."

वाढलेल्या ऑइलाचा दुसरा चेहरा आम्ही पुढे चार-पाच वर्षांनी बघितला, तो भगूरकडच्या एका पाहुण्याच्या मळ्यात. त्यांचा ट्रॅक्टर महिनाभर कॉक उघडा ठेवून शेडात उभा होता. सकाळी चालू केला तर इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं. चेंबर भरून वर आलेलं ते पातळ ऑइल इंजिन हवेबरोबर ओढून जाळत होतं. पोराने स्टॉपर ओढला, उपयोग शून्य. पंपाचं डिझेल त्याला लागतच नव्हतं. पांढऱ्या धुरात शेड दिसेना. ड्रायव्हर म्हातारा पण खमका. त्याने वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. ट्रॅक्टर गचका खाऊन गप झाला. माणसं वाचली, इंजिनाचा खर्च मात्र पाहुण्यांना दोन हंगाम पुरला.

क्रम चुकवू नये एवढं सांगतो. आधी मिनिट-दोन मिनिटं हळू चालू द्यायचा, मग स्टॉपर, मग कॉक. कॉक बंद करूनच इंजिन मारलं तर पाइपात हवा शिरते, आणि सकाळी पाना घेऊन एअर काढत बसावं लागतं. पेट्रोल-रॉकेलच्या पंपाचं उलटं. तिथं कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं जळून जाऊ द्यावं. माझा एक चुलतभाऊ दोन्हीला एकच नियम लावायचा आणि रोज सकाळी ट्रॅक्टरला शिव्या द्यायचा.

पळशाच्या साखर कारखान्यावर ऊस नेला की गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंत कधी कधी रात्र जायची. यार्डात ओळीने ट्रॅक्टर उभे. थंडी अशी की डोक्यावरून घोंगडी. तिथं जुने ड्रायव्हर ओळखू यायचे. जेवायला बसायच्या आधी ते बॉनेटखाली हात घालायचे.

आता शेत मुलगा आणि सूनबाई बघतात. मुलगा नव्या ट्रॅक्टरवर, जुना सूनबाईच्या हाताखाली. तिला मी कॉक दाखवला तेव्हा तिने विचारलं, "नाना, आणि कॉकच गळत असला तर?" मला उत्तर सुचलं नाही. एवढ्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून ती दर सोमवारी सकाळी इंजिन थंड असताना पट्टी ओढते आणि शेडाच्या खांबावर खडूने रेघ मारते.

गेल्या श्रावणात तिने हाक मारली. "नाना, खूण वर सरकलीय." मी वास घेतला. होतंच. रात्री कॉक बंद होता, तिनेच आवळला होता. खोलून पाहिलं तर आतलं बूच झिजून बारीक झालेलं, बंद करूनही सुतासारखी धार सुटत होती. खाली फीड पंप खोलला, डायफ्रामला नखाएवढी चीर. म्हणजे दोन्ही राखणदार एकदमच म्हातारे झाले होते.

ऑइल सगळं काढून टाकलं, फिल्टर बदलला, डायफ्राम बसवला. नवा कॉक नाशिकरोडहून मुलाने आणला. दुपारी चालू केला तर प्रेशरचा काटा जागेवर आला. सूनबाईने खांबावरच्या जुन्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि खडू घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली.