जुनी व्हॅन

मुलांनो, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे असलेली मारुती व्हॅन तुम्ही पाहिली असेल. ती १९८४ साली बाजारात आली. पुढे तिला ओम्नी म्हणू लागले. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. अशीच एक जुनी व्हॅन माझ्या भाईजाननी घेतली. त्यासाठी अम्मीने आपल्या बांगड्या मोडल्या. आम्ही संध्याकाळी गेलो, नवा चकचकीत रंग पाहिला आणि भुललो.

पहिल्याच पावसात माझे पाय भिजले. रबरी चटई उचलली, तर खालचा पत्रा गंजून चाळणी झालेला!

मोहल्ल्यातले मिस्त्रीचाचा म्हणाले, "बेटा, रंग काय बघतोस? लोहचुंबक फिरवायचा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे."

मग त्यांनी मला पुढचे आसन उचलून दाखवले. या व्हॅनचे इंजिन त्याखालीच असते. ते आपण जाण्याआधीच गरम असेल, तर समजावे की विकणाऱ्याने ते मुद्दाम चालू करून ठेवले आहे. थंड इंजिन सुरू करायला सांगावे. निळा धूर निघाला, तर ते तेल खाते. हे सारे दिवसाउजेडी पाहावे.

आणि कागदपत्रे! चॅसीचा क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. कर्जाची नोंद उरलेली नाही ना, हेही पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. ती पुन्हा केलेली असावी लागते.

भाईजाननी पत्रा बदलून घेतला. अम्मीचे हात मात्र अजून रिकामेच आहेत. ती म्हणते, "भाकरी थापताना बांगड्या मध्येच यायच्या."