घोडेमैदान जवळच

माणदेशांतील माणसास जनावराची परीक्षा मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. आमच्या तालुक्यांत वर्षाकांठीं अठरा-वीस इंच पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर पडेल याची हमी कोणी देत नाहीं. म्हणून येथील शेतकऱ्याची खरी दौलत शेतांत नसून दावणीला असते. खिलार बैलाचे खूर, मान, वशिंड व कातडीची चमक पाहून त्याचें मोल ठरविणारे जाणते लोक आमच्या शाळेच्या ओट्यावर बसत. आम्ही आंत मुलांकडून धातूंचीं रूपें घोकवून घेत असतां बाहेरचें हें शास्त्र आमच्या कानांत आपोआप शिरे. भीमा, नीरा आणि माण या नद्यांच्या कांठचीं तट्टें मराठ्यांच्या फौजेंत एके काळीं नांवाजलेलीं होतीं असें आम्हीं मुलांस शिकविलें खरें. पण आमच्या हयातींत घोडा पाहिला तो वरातींतला, नाहीं तर धनगरांच्या कळपामागून ओझें वाहणारा.

असो. २०२४ च्या श्रावणांत आम्हांस पुण्यास जाण्याचा योग आला. गांवांत मुलांसाठीं लहानसें ग्रंथालय काढावें असें ठरून घरोघर वर्गणी फिरली होती. सहा हजार रुपये जमले. पुस्तकें निवडून आणण्याचें काम गांवानें आमच्यावर सोंपविलें. रक्कम एका जाड पाकिटांत घालून, त्यावर ‘ग्रंथालय’ असें स्वहस्तें लिहून, आम्हीं तें सदऱ्याच्या आंतल्या खिशांत ठेवलें. वाचकांनीं हें पाकीट ध्यानांत ठेवावें.

दहिवडीहून निघालेली गाडी मोगराळ्याच्या घाटानें उतरूं लागली कीं दोन मुलुखांतला फरक डोळ्यांस दिसतो. वर उघडे डोंगर, बाजरीचीं विरळ शेतें. खालीं फलटणच्या बाजूस नीरेच्या कालव्यावर पोसलेला ऊंस. कालव्याचें पाणी घाट चढून वर येत नाहीं, एवढ्याच कारणानें आमचीं पोरें पुण्या-मुंबईस जातात. पुढें लोणंद, नीरा, जेजुरी. जेजुरीस गाडींतूनच हात जोडले. खंडोबा हा घोड्यावर बसणारा देव. पुढील दोन दिवसांची त्यानें सूचनाच दिली असें आतां वाटतें. सासवड मागें पडलें, दिवे घाट उतरला आणि पुणें आलें.

आमचा पुतण्या एका कंपनींत हिशेबनीस आहे. आम्ही शुक्रवारीं रात्रीं पोंचलों. तो म्हणाला, “काका, पुस्तकांचीं दुकानें सोमवारीं करूं. उद्यां-परवां रेस आहे. एकदां बघा तरी!” रेस म्हटल्याबरोबर आमच्या कपाळास आठी पडली. “काका, तुम्ही जनावरांची पारख करतां ना? मग घोडेमैदान जवळच आहे,” असें म्हणून त्यानें आमच्याच तोंडची म्हण आम्हांस ऐकविली. पुढें निरुत्तर झालों.

पुण्याचें घोड्यांचें मैदान लष्करी हद्दींत, एम्प्रेस बागेच्या शेजारीं आहे. तें १८३० सालचें, आणि जमीन अद्याप लष्कराचीच. शर्यती चालवितो तो क्लब मूळचा मुंबईचा. १८०२ सालीं स्थापन झाला, आणि १९३५ सालीं त्याच्या नांवामागें ‘रॉयल’ ही उपाधि लागली. हिंवाळ्यांत महालक्ष्मीच्या मैदानावर आणि पावसाळ्यांत पुण्यास, असा त्याचा वार्षिक क्रम. मुंबईच्या पावसांत घोडे धांवूं शकत नाहींत, म्हणून ते आमच्याकडल्या मेंढपाळांप्रमाणें ऋतु पाहून मुक्काम हलवितात. मेंढ्या पावसाळ्यांत घरीं येतात आणि घोडे पावसाळ्यांत घर सोडतात, एवढेंच अंतर.

आंत शिरल्यावर प्रथम नवल वाटलें तें शांततेचें. जुगाराच्या ठिकाणीं गलका असेल अशी आमची समजूत. येथें वयस्कर पारशी गृहस्थ, रिक्षावाले, कारकून, सुखवस्तु व्यापारी, असे सर्व थरांतले लोक हातांत छापील पुस्तिका घेऊन मान खालीं घालून बसलेले. परीक्षेच्या दिवशीं वर्गाबाहेर मुलें शेवटचें पान चाळतात, अगदीं तसा देखावा. पुस्तिकेंत प्रत्येक घोड्याचें वय, आईबाप, मागील धांवांचा क्रम आणि पाठीवरचें वजन दिलेलें असतें. आमची नजर आईबापांवर खिळली. या जातीच्या सर्व घोड्यांची पितृपरंपरा विलायतेंत नेलेल्या तीन पूर्वेकडील घोड्यांपर्यंत मागें जाते म्हणे. प्रवर सांगावे तशी ही वंशावळ! आमच्या मनांत अकारण आपुलकी उत्पन्न झाली.

शर्यतीपूर्वीं घोडे एका गोल आवारांत फिरवून दाखवितात. आम्ही कठड्याशीं उभे राहिलों. पाऊस नुकताच उघडला होता. लखलखणारी कातडी, तिच्याखालीं दोरीसारख्या उमटलेल्या शिरा, आणि जमिनीला टेकला न टेकला इतका हलका खूर! आम्ही खरोखर पैशांचें विसरलों. एक कुमाईत घोडा मान खालीं घालून, कोणाकडे न पाहतां, लांब टांग टाकीत चालला होता. पहिल्या दोन शर्यतींत आम्हीं नुसतें पाहिलें. तिसरींत त्या कुमाईतावर शंभर रुपये लावले. तो जिंकला.

साठाव्या वर्षानंतर मनुष्यास आपलें म्हणणें खरें ठरल्याचें सुख क्वचितच मिळतें. घरांत तर मिळत नाहींच. त्या संध्याकाळीं आम्ही चारशे रुपये कमावून परतलों, आणि पैशांपेक्षां ‘आम्हांस कळतें’ या जाणिवेनेंच अधिक फुगलों. रात्रीं वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील अश्वलक्षणाचें प्रकरण आठवूं लागलों. घोड्याच्या अंगावरील भोंवऱ्यांचीं शुभाशुभ फळें त्यांत सांगितलीं आहेत. राजानें कोणत्या घोड्यावर बसावें यासाठीं तें लिहिलें आहे, मास्तरानें कोणत्या घोड्यावर पैसे लावावे यासाठीं नव्हे, हा विचार त्या रात्रीं सुचला नाहीं.

धर्मशास्त्रानें या प्रकाराला वेगळें नांव दिलें आहे. निर्जीव फांशांनीं खेळतात तें द्यूत, आणि प्राण्यांना झुंजवून किंवा धांववून पण लावतात तो समाह्वय. मनूनें दोन्ही राज्यांतून हांकलून द्यायला सांगितलीं. कौटिल्य व्यवहारी, त्यानें द्यूतावर अधिकारी नेमून जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच घ्यायला लावले. आमचें सरकार कौटिल्याच्या मार्गानें गेलें, मात्र पांचावर थांबलें नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरापासून लावलेल्या पूर्ण रकमेवर शेंकडा २८ कर बसला, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत तो ४० झाला. कायद्याच्या दृष्टीनें मात्र हा जुगार नव्हे. घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला आहे. पुतण्यानें तो निकाल सांगितला तेव्हां आम्ही मान डोलावून म्हणालों, “बरोबरच आहे!” आदल्या दिवशीं आम्ही जिंकलों होतों ना.

रविवारीं गर्दी अधिक, आभाळ भरलेलें. पहिल्या तीन शर्यतींत कालची कमाई आणि खर्चासाठीं आणलेले पांचशे रुपये संपले. पुतण्या दर शर्यतीस शंभर रुपये लावी आणि वहींत टिपून ठेवी. तो हिशेबनीस तेथेंही हिशेबनीसच. तो चहा आणावयास गेला असतां आमचा हात आंतल्या खिशांत गेला. पांचशे काढले. ‘परत ठेवूं’ असें मनाशीं म्हणालों. त्या वेळीं आम्ही तें अगदीं प्रामाणिकपणें म्हणालों, हें लिहितांना विशेष लाज वाटते. ते गेले. मग आणखी पांचशे. तेही गेले. शेवटच्या शर्यतीस कपाळावर सुरेख भोंवरा असलेला एक सबजा घोडा आला. आवारांत त्याच्या तोडीचें दुसरें जनावर नव्हतें, हें आम्ही आजही शपथेवर सांगूं. त्याच्यावर पंधराशे लावले.

घोडे पलीकडच्या वळणाशीं होते तोंवर ठिपक्यांसारखे दिसत होते. वळण घेऊन समोर आले तेव्हां जमीन हादरल्याचें पायांना कळलें. कालचे ते शांत लोक उठून ओरडत होते. आम्हीही ओरडत होतों. काय ओरडलों तें आठवत नाहीं. सबजा पुढें होता. शेवटच्या शंभर पावलांत आंतल्या बाजूनें एक किरकोळ अंगाची घोडी आली आणि मानेएवढ्या अंतरानें पुढें निघाली.

परततांना आम्ही बोललों नाहीं. घरीं आल्यावर पुतण्यास विचारलें, “तो सबजा उत्तम होता. मग हरला कां?” त्यानें पुस्तिका उघडून दाखविली. सबज्यावर साठ किलो वजन होतें, घोडीवर बावन. जो घोडा उत्तम त्याच्यावर अधिक भार घालतात, खोगिरांत शिशाच्या पट्ट्या ठेवून वजन भरून काढतात, म्हणजे सर्वांनीं एकत्र पोंचावें. “शिवाय काका, चांगला घोडा सर्वांनाच चांगला दिसतो. सर्वांचे पैसे एका ठिकाणीं जमतात, त्यांतून कर आणि क्लबाचा वांटा जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वांटतात. सर्वांनीं त्याच्यावरच लावले तर जिंकूनही हातीं काय येणार?”

“हें काल कां सांगितलें नाहींस?”

“छापलेलें होतें, काका.”

आम्हीं तीस वर्षें मुलांना नलाची कथा सांगितली. नल राजास अश्वहृदय अवगत होतें. घोड्यांच्या विद्येंत त्याच्यासारखा कोणी नव्हता, तरी तो फांशांत राज्य हरला. पुढें ऋतुपर्णानें रथांतून जातां जातां बेहड्याच्या झाडाचीं पानें-फळें मोजून दाखविलीं आणि त्याच्यापासून नलानें अक्षहृदय म्हणजे आंकड्यांची विद्या घेतली. तेव्हां कोठें त्याचें राज्य परत आलें. या दोन विद्या वेगळ्या कां, असें एका मुलानें एकदां वर्गांत विचारलें होतें. त्यास आम्हीं काय उत्तर दिलें तें आठवेना. रविवारच्या त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

सोमवारीं अप्पा बळवंत चौकांत साडेतीन हजारांचीं पुस्तकें घेतलीं. शब्दकोश आणि शास्त्रीय गोष्टींचा एक संच हातांत घेऊन पुन्हा ठेवावा लागला. दुकानदारानें विचारलें, “हें नको कां, गुरुजी?” आम्हीं नको म्हटलें.

जातां जातां एक गोष्ट. या घोड्यांचें पुढें काय होतें, असें मैदानावर एका वृद्ध गृहस्थांस विचारलें होतें. त्यांनीं सांगितलें कीं, कांहीं पैदाशीसाठीं ठेवतात, कांहीं बसण्यास शिकविण्यासाठीं देतात. पूर्वीं निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस लशींसाठीं देत, आणि त्याच संबंधांतून घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्यानें १९६६ सालीं पुण्यास सीरम इन्स्टिट्यूट काढली. सर्पदंशावरील औषध घोड्याच्या रक्तापासूनच होतें. आमच्याकडे बांधावर पाय पडून दर पावसाळ्यांत कोणी ना कोणी तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचतो. त्याला वांचविणारें जनावर आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

घरीं येऊन सौभाग्यवतीस सर्व सांगितलें. ती कांहीं वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “पेन्शन पहिल्या तारखेला येईल. दूध एक वेळ घेऊं.” भरपाई होणार होती, पण हिशेब सांगणें चुकत नव्हतें. ग्रंथालयाच्या बैठकींत आम्ही उभे राहिलों आणि जें घडलें तें वाचून दाखविलें. अडीच हजार आमच्याकडून येणें, असें वहींत लिहिलें.

अध्यक्षस्थानीं जे शेतकरी होते त्यांचे खिलार पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत धांवतात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्यापासून २०२१ च्या डिसेंबरांत त्या पुन्हा सुरू होईतों त्यांनीं धांवेची जोडी विकली नव्हती. सात वर्षें नुसती पेंड घातली. आम्ही खालीं मान घालून उभे. कोणी कांहीं बोलेना. अखेर त्यांनीं विचारलें,

“गुरुजी, जनावर बघून लावलं, का आकडा बघून?”

“जनावर बघून.”

“मग जायचंच की,” ते म्हणाले, आणि कपाट लांकडी घ्यावें कीं लोखंडी, या पुढच्या विषयाकडे वळले. वाळवीच्या भीतीनें लोखंडी ठरलें. शब्दकोश पुढच्या महिन्यांत टपालानें मागविला.