मागच्या दारापर्यंत

मैत्रिणींनो, खरं सांगू? घरातलं एखादं यंत्र विकत घ्यायचं म्हटलं, की आपण बायका चटकन मागे सरतो. मिक्सर असेल तर आपण बोलू, पण ज्याला तारा आणि दिवे जास्त ते ‘ह्यांचं’ खातं! मीही अशीच होते. पण गेल्या पावसाळ्यात घरात नवा वाय-फायचा राऊटर घ्यायची वेळ आली आणि मला वही-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. त्याचीच ही हकिगत. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आधी आमचं घर डोळ्यांपुढे आणा. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालात, की वैनगंगा ओलांडण्याआधी आमची सावली लागते. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी इथे आले होते, हे आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्या काळी इथे सुताच्या धाग्याचं कौतुक होतं. आता आमच्या घरात केसाएवढा बारीक काचेचा धागा आला आहे, त्यातून इंटरनेट येतं. तो येतो समोरच्या नव्या, स्लॅबच्या खोलीत. तिच्यामागे सपरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यांत शेवटी सांदवाडी. तुम्ही तिला परसदार म्हणाल. माजघरापासून पुढचं सगळं जुनं, कवेलूंचं. मातीच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. उन्हाळ्यात गार वाटतं, पण त्या भिंतींनी वेगळाच घोळ घातला, तो पुढे सांगते.

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. शिवाय संध्याकाळी सात ते आठ बाहेरगावच्या एका शिकवणी-वर्गासाठी ऑनलाइन तास घेते. तिथे हिशेब सरळ असतो. तास पूर्ण झाला तर पैसे, मध्येच तुटला तर नाही. आता सात वाजता आमच्या घरी काय चालतं? मामाजींच्या टीव्हीवर बातम्या, बारावीतल्या लेकीचे परीक्षेचे व्हिडिओ, आठवीतल्या चिरंजीवांचा खेळ, ह्यांचा फोन, आणि सांदवाडीतला कॅमेरा. मी मात्र स्वयंपाकघरात, कारण गॅसवर भात असतो. एका महिन्यात माझे पाच तास तुटले. मुलं म्हणायची, “मॅडम, तुमचा आवाज थांबला.” मी इकडे समास सोडवत बसलेली, आणि तिकडे पडद्यावर माझं तोंड उघडं राहून गोठलेलं!

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “अगं, इतकी उपकरणं झाली घरात, ताण येणारच. तास जरा कमी घेतलेस तर?” मैत्रिणींनो, हे ते रागाने बोलले नव्हते. पण टीव्ही कमी करा असं कुणाला सुचलं नाही, खेळ कमी कर असंही नाही. कमी करायचा तो माझा तास! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग एक दिवस निराळंच घडलं. आमच्या भागात बिबट्याची भीती असते, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचत असालच. आत्याबाई पहाटे उठून कोठ्यात गाईकडे जातात. म्हणूनच ह्यांनी तो कॅमेरा बसवला. दार उघडण्याआधी फोनवर सांदवाडी पाहायची, मगच बाहेर पडायचं, असा घरचा नियम. त्या पहाटे आत्याबाईंनी मला हाक मारली. “काहून वं सुनबाई, हे चित्र हालून नाही राहिलं?” पाहते तर कोपऱ्यातली वेळ चार वाजून बारा मिनिटांवर थांबलेली, आणि घड्याळात सव्वापाच झालेले! फोनवर दिसत होती ती तासाभरापूर्वीची सांदवाडी. आम्ही दार उघडलं नाही. उजाडल्यावर कुंपणाजवळच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. ह्यांनी ते बघितले, काही बोलले नाहीत, आणि चहा घेता घेता म्हणाले, “आजच नवा राऊटर आणतो. आठ अँटेनांचा, सगळ्यांत मोठा.”

मी म्हटलं, “अहो, थांबा. आधी मला मोजू द्या.”

वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला. आमच्या जोडणीचा वेग १०० एमबीपीएस. फोनवर वेग मोजायची सोय असते. ती चालू करून खोलीखोलीतून फिरले. समोरच्या खोलीत ९०च्या वर, सपरीत ६०, माजघरात २०, स्वयंपाकघरात जेमतेम ४, आणि मागच्या दाराशी आकडाच येईना.

दुसऱ्या पानावर उपकरणं लिहिली. ती निघाली चौदा! पण सात वाजता खरं काम करणारी पाचसहाच. टीव्हीवरच्या स्वच्छ चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, लेकीच्या व्हिडिओला तेवढेच, माझ्या तासाला जाताना-येताना तीनेक, कॅमेऱ्याला एक-दोन, आणि खेळाला तर फारच थोडे. सगळी बेरीज पंचविसाच्याही आत. शंभरातले पंचवीस! म्हणजे ताण उपकरणांच्या संख्येचा नव्हताच. राऊटर समोर मामाजींच्या खुर्चीमागे, आणि ज्यांना त्याची खरी गरज होती त्या आम्ही दोघी दोन-तीन जाड भिंतींपलीकडे. दुखणं हे होतं.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतींतून बरी पार होते, पण तिथे गर्दी फार. एकमेकांना अडथळा न करणारे मार्ग तीनच, म्हणजे १, ६ आणि ११ क्रमांकाचे. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात लुडबुडतात. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. दुसरं म्हणजे, एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, अगदी वर्गासारखं. आणि लांब बसलेला, नीट ऐकू न येणारा मुलगा अडखळत बोलू लागला, की बाकीच्यांना खोळंबावं लागतं. आमचा सांदवाडीतला कॅमेरा तोच मुलगा! त्याच्यापर्यंत लहर कशीबशी पोचायची. तो अडखळायचा आणि आमचाही वेळ खायचा.

दुकानात गेलो तेव्हा ही वही माझ्या पिशवीत होती. दुकानदार अर्थातच ह्यांच्याशी बोलू लागले. खोक्यावरचा मोठा आकडा दाखवला. मी विचारलं, “भाऊ, हा १५०० म्हणजे दोन्ही पट्ट्यांची बेरीज ना? ३०० आणि १२००? आणि तीही कागदावरची?” ते हसले आणि मग माझ्याकडे वळून बोलू लागले. मैत्रिणींनो, हा आकडा मोठा म्हणून इंटरनेट वेगवान होत नाही. बाहेरून १०० येत असतील तर घरात १५०० होणार नाहीत. आणि अँटेना मोजून भिंती पातळ होत नाहीत!

मग पाहायचं काय? उपकरणं पुष्कळ असतील तर ‘वाय-फाय ६’ लिहिलेला घ्यावा. ही पद्धत २०१९पासून प्रमाणित होऊ लागली. तिचा गुण पंगतीतल्या वाढप्यासारखा समजा. जुना वाढपी एका पानाचं वाढून झाल्यावरच दुसऱ्याकडे वळे. हा एकाच फेरीत चार पानांवर थोडं थोडं वाढतो. अर्थात फोनही त्या पद्धतीचा असला तरच पूर्ण फायदा. जुनी उपकरणं चालतात, पण जुन्याच चालीने. २०२४पासून ‘वाय-फाय ७’चीही प्रमाणित उपकरणं येऊ लागली आहेत, पण घरात त्या पद्धतीचा एकही फोन नसताना त्यावर जास्तीचे पैसे कशाला घाला? तार जोडायची भोकं ‘गिगाबिट’ आहेत ना, तेही विचारा. नाहीतर पुढे जोडणीचा वेग वाढवलात, तरी १००च्या वर गाडी जाणार नाही. आणि सुरक्षिततेसाठी ‘डब्ल्यूपीए ३’ आहे का, ते पाहा.

आम्ही साधा, चार अँटेनांचा राऊटर घेतला, तीन हजारांच्या आत. वाचलेल्या पैशांतून तार आणली. काचेच्या धाग्याचा डबा समोरच्या खोलीतच राहिला, कारण तो धागा फार वाकवलेला चालत नाही. तिथून तार नेऊन नवा राऊटर माजघरात, उंच फळीवर ठेवला. फ्रिज, आरसा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांच्यापासून दूर, कारण धातू आणि पाणी लहरी अडवतात. जुना राऊटर फेकला नाही. तो स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत बसवून नव्याला तारेनेच जोडला. कॅमेऱ्याला तो पुरतो. लहर पुढे ढकलणारा स्वस्त रिपीटर मिळतो, पण तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात बहुधा निम्मा वेग जातो. तार ओढता येत असेल तर तारच बरी. टीव्ही जागचा हलत नाही, म्हणून त्यालाही तार दिली. तेवढीच हवेतली गर्दी कमी!

आणखी एक. आमच्याकडे पावसात वीज जाते. समोरचा डबा आणि दोन्ही राऊटर यांना बॅटरीचा छोटा यूपीएस लावला. घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते बघून जुळणाराच घ्या. आणि एकालाच लावून उपयोग नाही, साखळीतल्या सगळ्यांना हवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं करता येतं, ते करून ठेवा, म्हणजे घरचा पासवर्ड गावभर होत नाही.

राऊटर माजघरात न्यायचा म्हटल्यावर मामाजी थोडे कुरकुरले. पण बातम्या न अडखळता दिसू लागल्यावर गप्प झाले. स्वयंपाकघरात आता ४० मिळतात. पुढच्या महिन्यात माझा एकही तास तुटला नाही. ह्यांनी त्या महिन्याचे पैसे मोजून माझ्या हातात दिले आणि एवढंच म्हणाले, “सातनंतर कुकर मी बघत जाईन.” असो, अजून दोनदा भात लागला आहे!

तेव्हा मैत्रिणींनो, राऊटर घ्यायला दुकानात जाण्याआधी फोन घेऊन आपल्या घरात फिरा. घरातलं सगळ्यांत मागे बसणारं माणूस कोण, आणि त्याचं काम काय, हे आधी वहीत लिहा. पुष्कळदा ते माणूस आपणच असतो, आणि म्हणून कुणी मोजलेलंच नसतं.

आज पहाटे आत्याबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. चित्रातली गाय शेपटी हलवत होती. “हालून राहिली वं,” म्हणाल्या, आणि मग त्यांनी मागच्या दाराची कडी काढली.