पात्यांची जोडी

खानापूर तालुक्यात आमची साडेचार एकर काजूची बाग आहे. बाग म्हटलं की लोकांना आखीवरेखीव काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आमची तशी नाही. उताराची जमीन, मधूनमधून वर आलेला जांभा, दोन-तीन वारुळं आणि पावसाळ्यात माणूस दिसेनासा होईल एवढं गवत आणि रानमोडी. दसऱ्यानंतर हे सगळं एकदा कापावं लागतं आणि जानेवारीत पुन्हा एकदा. बोंड पिकलं की बीसकट खाली पडतं. खाली गवत असलं तर वेचणाऱ्या बायकांना बी सापडत नाही. दुसरं कारण वणव्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या गवतात कुणाची विडी पडली तर वीस वर्षांची झाडं एका दुपारी जातात.

पूर्वी दहा बायका आठ दिवस विळ्यांनी हे काम करायच्या. आता माणसं मिळत नाहीत, म्हणून सहा वर्षांपूर्वी थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, ट्रॅक्टरमागे लावायचा स्लॅशर घेतला. तुमच्यापैकी ज्यांचं गावाकडे येणं गणपती आणि यात्रेपुरतं असतं त्यांच्यासाठी सांगतो, स्लॅशर म्हणजे पालथ्या घातलेल्या लोखंडी पेटीसारखं यंत्र. ट्रॅक्टरच्या पीटीओचा शाफ्ट वरच्या गिअरबॉक्सला फिरवतो, गिअरबॉक्स खालची लोखंडी थाळी फिरवतो आणि त्या थाळीच्या दोन टोकांना, समोरासमोर, दोन पाती एकेका जाड बोल्टवर टांगलेली असतात. टांगलेलीच, आवळून बसवलेली नव्हेत. दगड किंवा खुंट लागला की पातं मागे दुमडतं आणि फिरण्याच्या जोराने पुन्हा बाहेर येतं. पात्याची मागची कड थोडी वर वळवलेली असते, तिच्यामुळे पंख्यासारखा वारा तयार होऊन आडवं पडलेलं गवत उभं राहतं. हे मला फार आवडतं. इतक्या राकट यंत्रात एवढी बारीक सोय कुणाला सुचली असेल!

मी बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये आहे. शिक्षण व्हीटीयूचं, बी.ई., शाखा कॉम्प्युटर सायन्स. म्हणजे लोखंडाशी संबंध पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना असणाऱ्या त्या एका मेकॅनिकलच्या विषयापुरता. पण आकडे दिसले की हात स्वस्थ बसत नाही. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४०. आमच्या गिअरबॉक्सच्या पाटीवर १:१.९३ लिहिलं आहे, म्हणजे थाळी मिनिटाला सुमारे १०४० वेळा फिरते. कापणीची रुंदी पाच फूट. हिशेब केला तर पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धावतं. पाच किलोचं पातं या वेगाने फिरताना आपल्या बोल्टला जवळजवळ तीन टनांच्या जोराने बाहेर ओढत असतं. आणि दोन पात्यांत नुसता १०० ग्रॅमचा फरक असला, तर सुमारे ७० किलोचा असमान झटका सेकंदाला सतरा वेळा गिअरबॉक्सला बसतो.

हे आकडे मी का काढले त्याला कारण आहे. गेल्या वर्षीच्या कापणीत आमचं एक पातं तुटलं. ते आधी बोल्टच्या भोकाजवळ चिरलं होतं. हमरस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंग करून आणलं आणि परत चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास, वेल्डिंगच्या सांध्याला लागूनच, ते मोडलं. वीतभर तुकडा मागच्या बाजूने निघाला. मागे दगड अडवण्यासाठी साखळ्यांचा पडदा असतो, त्यातल्या निम्म्या साखळ्या कधीच्या तुटून गेल्या होत्या. तुकडा चाळीस पावलांवरच्या काजूच्या बुंध्यात जमिनीपासून दोन फुटांवर घुसून बसला. फांद्या गोळा करणाऱ्या तिन्ही बायका रोज त्याच झाडाला टेकून जेवायच्या. त्या दिवशी एकीच्या डब्यात कालवण सांडलं म्हणून हात-डबे धुवायला विहिरीवर गेल्या होत्या.

आबांनी हे मला फोनवर सांगितलं ते गंमत म्हणून. "बुंध्यातनं तुकडा काढायला पहार लागली रे!" मी बराच वेळ काही बोललो नाही. त्या झाडाच्या खोकेतून अजून डिंक येतो.

तुटलेल्या पात्याच्या जागी आबांनी नवं एकच आणून लावलं आणि जुन्याबरोबर हंगाम निभावला. यंदा दसऱ्याला मी गेलो तेव्हा ट्रॅक्टर सुरू केल्या केल्या सीट थरथरायला लागली. गिअरबॉक्सच्या खालच्या सीलमधून तेल गळत होतं. एक पातं नवं, एक सहा वर्षं जांभ्यावर घासलेलं. जुन्या पात्याचं टोकच अर्ध्या इंचाने आखूड झालं होतं. पुसून, रॉकेलने धुऊन बघितलं तर भोकाच्या कडेला केसासारखी रेघ. दुसऱ्या पात्याचीही त्याच जागी चीर.

आबांचं म्हणणं असं, की गेल्या वर्षी चूक वेल्डिंगची नव्हती, वेल्डिंग करणाऱ्या पोराची होती. आता तात्यांकडे देऊ. तात्या आमच्या गावचे लोहार, वय पंचाहत्तरच्या पुढे, आबांचे शाळेपासूनचे सोबती. आमच्या घरातला प्रत्येक विळा, कोयता, कुदळ त्यांच्या भट्टीतून गेलेली. मी कागदावर वर्तुळ काढून तीन टनांचा हिशेब मांडला. आबांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "तुझ्या कंप्युटरात गवत उगवतं काय?"

खरं सांगायचं तर अडचण पैशाची नव्हतीच. दोन पात्यांची किंमत एका दिवसाच्या डिझेलच्या आसपास. अडचण अशी, की आबांच्या हिशेबात लोखंड कधी वाया जात नाही. कोयता झिजला की तात्या त्याला पुन्हा तापवतात, ठोकतात, धार काढतात, पाणी देतात आणि तो आणखी दोन वर्षं चालतो. आयुष्यभर ज्याने हे पाहिलं त्याला चार बोटांची चीर म्हणजे दुरुस्तीचं काम वाटणार, फेकायचं कारण नाही. आणि नवं पातं आणायचं म्हणजे तात्यांना जमत नाही असं म्हटल्यासारखं. हे शेवटचं आबा बोलले नाहीत, पण ते होतं.

म्हणून मी वाद सोडला आणि पातं आणि गेल्या वर्षीचा तुटका तुकडा घेऊन आबांबरोबरच तात्यांकडे गेलो. तात्यांनी वेल्डिंगकडे बघितलंसुद्धा नाही. कानस घेतली. आधी पात्याच्या मधल्या अंगावर घासली, मग तुकड्यावर सांध्यापासून दोन बोटं सोडून. मग माझा हात धरून मलाच घासायला लावली. मधल्या अंगावर कानस कष्टाने चालत होती, सांध्याशेजारी सहज चावत होती. तेवढ्याच पट्ट्यातलं पाणी उतरलं होतं.

तात्या आबांना म्हणाले, "विळ्याला मी पाणी देतो ते मला ठाऊक असतंय. ह्याला कारखान्यात कुठलं पाणी दिलंय, कुणी दिलंय, मला काय ठाऊक? मी जोडलो तर सांधा नाही सुटायचा. शेजारनं मोडंल. आणि मोडलं तर माझ्या नावानं मोडंल की." आबा काही बोलले नाहीत. चहा झाला. परतताना गाडीत बसल्यावर म्हणाले, "बेळगावला कधी जातोस?"

म्हणजे माझ्या तीन टनांपेक्षा कानशीचं वजन जास्त ठरलं. पोलाद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, झपकन थंड करून, पुन्हा मोजून तापवलेलं असतं. वेल्डिंगची आच त्या सगळ्यावर एका मिनिटात पाणी फिरवते. सांध्याभोवती काही पट्टा मऊ होतो, काही ठिसूळ. म्हणूनच यंत्राबरोबरच्या पुस्तकांत पातं वेल्ड करू नका, तापवून सरळ करू नका असं छापलेलं असतं. हे मला वाचून माहीत होतं. तात्यांना हाताला कळत होतं.

उद्यमबागेच्या बाजूच्या दुकानातून पात्यांची जोडी आणली. जोडीच. आबांनी तिथेही "एकच द्या" म्हणून पाहिलं, कारण गेल्या वर्षीचं पातं त्यांच्या मते अजून नवंच होतं. दुकानदारानेच नकार दिला. बरोबर बोल्ट, नट आणि मागच्या साखळ्याही घेतल्या. जुने बोल्ट बघितले तर एका बाजूने खाल्लेले. पातं बदलायचं आणि बोल्ट तोच ठेवायचा हा प्रकार मी खूप ठिकाणी पाहिलाय.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम दोन तासांचं, त्यातला पाऊण तास नुसत्या तयारीचा. ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात. पीटीओचा शाफ्ट काढून बाजूला ठेवला, नुसता बंद करून नव्हे. स्लॅशर हायड्रॉलिकवर उचलला आणि चारी कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे लावून वजन त्यांच्यावर सोडलं. इथे आबांनी कुरकुर केली, "हायड्रॉलिक धरतंय की." धरतं, पण तेल कधी सुटेल ते सांगून सुटत नाही. आणि खाली डोकं आपलं असतं. (माझ्या चुलतभावाने एकदा फक्त जॅकवर काम केलं होतं. त्याला काही झालं नाही, म्हणून ते बरोबर ठरत नाही.)

नट जाम होते. डिझेल सोडून रात्रभर ठेवले, सकाळी रिंग पान्याला चार फुटी पाईप घालून दोघांनी ओढले. थाळी फिरू नये म्हणून मध्ये ठोकळा. नवी पाती चढवताना दोन गोष्टी बघायच्या. धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला पुढे हवी आणि वळवलेली कड वरच्या अंगाला. आमच्या ओळखीच्या एका बागेत पाती उलटी बसवून दोन दिवस गवत नुसतं झोडपलं होतं. नट पूर्ण आवळल्यावरही पातं हाताने बोल्टभोवती फिरायला हवं, कारण नट बोल्टच्या खांद्यावर बसतो, पात्यावर नाही. फिरत नसेल तर काहीतरी चुकीचं बसलंय. आवळायला मी बेळगावातल्या मित्राचा टॉर्क पाना आणला होता. आबांनी त्याचा टक आवाज चार वेळा वाजवून घेतला.

पहिल्या तासाभरानंतर यंत्र थांबवून नट पुन्हा आवळले. एक जागचा हलला नाही, दुसऱ्याने जरासा पाव फेरा घेतला. थरथर गेली होती. गेल्या वर्षी गवताचे शेंडे फाटल्यासारखे पांढरे दिसायचे आणि मध्ये पट्टे राहायचे, यंदा कापलेलं कापल्यासारखं दिसत होतं. गिअरबॉक्सचं सील मात्र बदलावं लागलंच.

जानेवारीत दुसऱ्या कापणीआधी धार लावायची वेळ आली तेव्हा पुन्हा वाद झाला. आबांना कोयत्यासारखी धार हवी होती, अंगठा लावला की रक्त येईल अशी. पण कोयत्याला मनगटाची ताकद असते म्हणून धार लागते. इथे ताकद वेगाची आहे. बारीक धार जांभ्याच्या पहिल्या खड्यावर उडते आणि तिथूनच चीर सुरू होते. मूळचा उतार आहे तेवढाच धरायचा, फक्त वरच्या अंगाने घासायचं, खालच्या अंगाला हात लावायचा नाही आणि टोकाला रुपयाच्या नाण्याएवढी जाडी सोडून द्यायची. ग्राइंडर एका जागी धरायचा नाही. पोलाद निळं पडलं की तिथलं पाणी गेलं. हे वाक्य मी मुद्दाम तात्यांच्या शब्दांत म्हटलं, आणि आबांनी लगेच मान हलवली.

दोन्ही पाती काढून अंगणात काजू तोलायच्या काट्यावर ठेवली. साठ ग्रॅमचा फरक निघाला. जड पात्याच्या धारेवरून आबांनी आणखी थोडं घासलं, पुन्हा तोललं, पुन्हा घासलं. मधल्या वेळी पुतणी शाळेतून आली आणि काट्यावर स्वतःचं दप्तर ठेवून गेली. चौथ्या खेपेला काटा दोन्हीकडे एकच आकडा दाखवायला लागला. बायका दुसऱ्या दिवशी कामाला येणार होत्या. ट्रॅक्टर चालू असेपर्यंत बांधापलीकडे थांबायचं आणि बंद झाल्यावर आत यायचं, हे आबांनी त्यांना आदल्या संध्याकाळीच घरी जाऊन सांगितलं.