मितभाषी माणसाचे मोल

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, अशा आशयाची म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विक्रीपुरती ती खरी असेलही. परंतु माणूस निवडताना तीच कसोटी लावली की घात होतो.

माझ्या भाचीचेच उदाहरण घ्या. ती सनदी लेखापाल आहे. हिशेबातील तफावत तिच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने तिला नाकारले. कारण दिले, ‘ज्ञान उत्तम, परंतु गटचर्चेत छाप पडली नाही.’ काम होते हिशेब तपासण्याचे, चर्चा गाजवण्याचे नव्हे. घरी आल्यावर तिने विचारले, “मामा, मी स्वभावच बदलू का?” त्या प्रश्नाने मी अनेक दिवस अस्वस्थ होतो.

कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख या वृत्तींची मांडणी केली, तेव्हा त्यांत एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असा भाव नव्हता. अंतर्मुखता म्हणजे भित्रेपणा नव्हे आणि गर्वही नव्हे. अमेरिकेतील किंबर्ली-क्लार्क या कागद उद्योगाची सूत्रे १९७१ मध्ये डार्विन स्मिथ या बुजऱ्या, प्रसिद्धीपराङ्मुख वकिलाकडे आली. त्यांनी कंपनीच्या जुन्या कागदगिरण्या विकण्याचा निर्णय घेतला आणि वीस वर्षांत घरगुती वापराच्या कागदी वस्तूंत तिला अग्रस्थानी नेले. मितभाषी माणसाला कठोर निर्णय झेपत नाहीत, या समजाला याहून सडेतोड उत्तर कोणते?

आपल्या परंपरेत वचनगुप्ती आहे, तशीच भाषासमितीही आहे. वाणी आवरावी आणि बोलावे लागेल तेव्हा विवेकाने बोलावे. म्हणून भाचीला मी म्हटले, “स्वभाव बदलू नकोस, मात्र आपले काम चार वाक्यांत मांडण्याचा सराव कर.” वॉरन बफे यांनाही तरुणपणी सभेत बोलण्याचे भय होते, त्यांनी रीतसर शिक्षण घेऊन ते घालवले.

उरलेली जबाबदारी आपली, निवडणाऱ्यांची. पेढीवर मुनीम नेमताना गप्पांवरून पारख करू नये. एक दिवसाची रोजकीर्द लिहावयास द्यावी. घरच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी मत सांगण्यापूर्वी कोपऱ्यात बसलेल्या मुलाला वा सुनेला विचारावे. वडिलांचे मत एकदा उच्चारले गेले की अशी माणसे आपले मत गिळून टाकतात, आणि पेढीला वेळीच मिळू शकणारी सावधगिरीची सूचना त्यांच्या मनातच राहते.