कोठीची कसोटी

इतिहासाचा किंवा प्रवासाचा एखादा व्हिडिओ वेळ देण्याजोगा आहे की नाही, हे ठरवायची माझी रीत सोपी आहे. त्या माणसानं हैदराबादच्या कोठी भागावर काही केलंय का, ते आधी शोधायचं. हैदराबादवर बोलणारा आज ना उद्या कोठीत येतोच, आणि कोठी माझ्या पायाखालची. इथं ज्याचा पाय घसरला, त्याच्यामागून मी हंपीला किंवा समरकंदला जात नाही.

रेसिडेन्सीचंच घ्या. इंग्रज रेसिडेंट मेजर जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकनं 1803 च्या सुमाराला बांधायला घेतलेली ही हवेली. बहुतेक व्हिडिओ ड्रोननं सुरू होतात, मागे सतार वाजते, ‘हैदराबादचं व्हाइट हाउस’ असं कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणतं, आणि मग त्याची बेगम खैरुन्निसा येते. पडद्यातल्या बेगमेला बाहेर येऊन हवेली पाहता येईना, म्हणून साहेबानं बागेत हवेलीची छोटी प्रतिकृती बांधून दिली, ही गोष्ट तर चुकत नाही. गोष्ट गोड आहे, आम्हीही पाहुण्यांना सांगतो. पण ती सांगताना जो ‘असं म्हणतात’ एवढं जोडतो, तो माझा माणूस. ‘दोघं इथं वर्षानुवर्षं सुखानं राहिली’ म्हणणाऱ्याला मी तिथंच थांबवते. कर्कपॅट्रिक 1805 च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला वारला. मुलं त्याच वर्षी विलायतेला रवाना झाली होती. या खांबांच्या सावलीत त्याला फार दिवस मिळालेच नाहीत, आणि खरी गोष्ट कल्पित सुखापेक्षा कितीतरी जास्त धरून ठेवणारी आहे.

ही खोड विवेकवर्धिनीत लागली असावी. 1907 साली सुरू झालेली ही शाळा. तिथं इतिहास फळ्यावर कमी आणि गप्पांत जास्त होता. कोठीतला सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. इथं इंग्रज रेसिडेंटचा अंमल, त्यामुळे निजामाच्या हद्दीत जी सभा भरवणं अवघड, ती इथं भरवता यायची. 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय इथंच उघडलं, आर्य समाजही इथंच रुजला. 1933 मध्ये हा बाजार निजामाकडे परत गेला. हे सगळं आम्ही घरच्या जेवणावळीत ऐकलं, आणि प्रत्येक सांगणारा आधी आपण ते कुणाकडून ऐकलं ते सांगायचा.

मग 1988 मध्ये दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ आलं. रविवारी सकाळी गल्ली सामसूम. श्याम बेनेगल तिरुमलगिरीत जन्मलेले, निजाम कॉलेजात शिकलेले, म्हणून घरात मालिकेचा उल्लेख ‘आपल्या माणसाची’ असाच व्हायचा. त्रेपन्न भागांत पाच हजार वर्षं, आणि तरी घाई नाही. पुढे ‘सुरभि’नं माहीत नसलेली गावं घरात आणली. तेव्हा निवडायचा प्रश्नच नव्हता. जे लागेल ते पाहायचं, आणि नशिबानं ते चांगलं असायचं. नव्या शतकात गुजराती गल्लीत माहितीपटांच्या सीडी मिळू लागल्या, तेव्हा पहिल्यांदा निवड करावी लागली. वेष्टनावरचे पिरॅमिड जेवढे चकचकीत, तेवढी आतली माहिती पातळ, हे तेव्हाच कळलं.

युट्यूब आलं, 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, आणि टंचाई संपून पूर आला. 2014 मध्येच ब्रिटिश पाथेनं आपल्या 85,000 जुन्या फिती तिथं खुल्या केल्या होत्या. पण त्या आपणहून समोर येत नाहीत. किती वेळ पाहिलं जातं यावर तिथली शिफारस बरीचशी चालते. त्यामुळे भुयार, खजिना आणि भूत पुढे, शिलालेख मागे. म्हणून मी समोर येईल ते घेत नाही, शोधून काढते. इंग्रजीत ‘कोटी’ लिहिलं की व्हाइट हाउस येतं. तेच तेलुगू लिपीत लिहिलं की इथल्या महिला कॉलेजात शिकलेल्या बायका आपल्या वर्गखोल्या दाखवतात. 1949 पासून रेसिडेन्सीत हेच कॉलेज होतं, आता तिथं चाकली ऐलम्मांच्या नावाचं विद्यापीठ आहे. उर्दूत लिहिलं की एखादे बडे मियाँ 17 जुलै 1857 चा रेसिडेन्सीवरचा हल्ला सांगतात: तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन कुठून आले, तोफा कुठे होत्या. चित्र हलतं, मागे बसचे हॉर्न वाजतात. पण माणूस कोठीच्या स्मारकापाशी उभा राहून बोट दाखवत असतो.

परगावच्या व्हिडिओंना मी हाच नियम लावते. अजिंठ्याचे व्हिडिओ 1819, जॉन स्मिथ आणि वाघाची शिकार यांवरून सुरू होतात. कित्येक तिथंच संपतात. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानानं 1920 च्या सुमाराला इटलीहून तज्ज्ञ बोलावले, पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी 1930 ते 1955 या काळात चित्रांचे चार खंड काढले. इटालियनांनी चढवलेला लेप पुढे पिवळा पडला आणि तो उतरवायचं काम मागे लागलं. जो निवेदक हे सांगतो, त्याच्याबरोबर मी लेण्यातल्या अंधारातही तासभर उभी राहते. चित्र आज असं का दिसतं ते त्यानं सांगितलेलं असतं. नुसतं ‘अद्भुत’ म्हणून तो पुढे गेलेला नसतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच लिपीत धड सापडली नाही: इसामिया बाजारातल्या मराठी साहित्य परिषदेपासून विवेकवर्धिनीपर्यंतची मराठी कोठी. 1931 मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथं साहित्य संमेलन भरलं होतं, हे आमच्या गल्लीतल्या पोरांना ठाऊक नाही. भाच्याला मी म्हटलं, तूच कर. तो तयार आहे. ड्रोन भाड्यानं मिळतो म्हणाला. ड्रोन नको, म्हटलं. म्हाताऱ्यांच्या घरी जा, त्यांना बोलू दे, आणि प्रत्येकाला एकच जादा प्रश्न विचार: हे तुम्ही पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत? मामी, असं विचारलं तर लोक चिडतील, असं त्याचं म्हणणं. चिडू देत. ज्याच्याकडे उत्तर आहे, तो चिडत नाही.